शिक्षकाला शिकावेसे कधी वाटते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘शिक्षकांना प्रशिक्षण नको असते, शिकायचे म्हटले की ते पळवाटा शोधतात,’ हा सूर अलीकडे फार ऐकू येतो. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, नोकरीतल्या शिक्षकांनाही सक्तीची ठरवणारा निकाल दिला तेव्हापासून तर तो जास्तच चढला आहे. रिक्षात, सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी विचारतेच, ‘काय बाई, आता तुमचीच परीक्षा म्हणे!’ मी नवी मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवते. नोकरीची बरीच वर्षे झाली. एवढ्या काळात सक्तीची प्रशिक्षणे केली, पगारवाढीसाठी केली आणि कोणी न सांगता, पदरचे पैसे घालूनही शिकले. या तिन्ही वेळी मनात काय चाललेले असते ते मला ठाऊक आहे. प्रशिक्षणे ठरवणाऱ्यांपर्यंत ते पोहोचावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण विषय चार ओळींत मावणारा नाही.

पैशाचे आधी बोलते, कारण त्याबद्दल उगाच आडून बोलले जाते. बारा वर्षे सेवा झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षे झाली की निवड वेतनश्रेणी, हे आमच्या नोकरीतले दोन मोठे टप्पे. पहिलीला स्टाफरूममध्ये अजूनही ‘चट्टोपाध्याय’ म्हणतात. ऐंशीच्या दशकातल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाचे अध्यक्ष डी. पी. चट्टोपाध्याय यांचे नाव असे आमच्या तोंडी राहिले आहे. दोन्ही श्रेणींसाठी सेवांतर्गत प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, अलीकडे त्याचे २,००० रुपये शुल्कही भरावे लागले, आणि निवडश्रेणी तर वीस टक्के पदांपुरतीच आहे. घरभाडे, मुलांची शिक्षणे, आईवडिलांचे औषधपाणी पाहता या वाढीसाठी कोणी प्रशिक्षणाला बसत असेल तर त्यात कमीपणा नाही. शिक्षणसेवक म्हणून लागणाऱ्याला पहिली तीन वर्षे प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये मानधन मिळते. आमच्याकडचा असाच एक तरुण सहकारी नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून पुढचे शिक्षण घेतो आहे. ‘मॅडम, मला केंद्रप्रमुख व्हायचंय,’ असे तो सरळ सांगतो. मला त्याचे कौतुक वाटते. बढतीसाठी का होईना, तो रात्री पुस्तक उघडून बसतो.

पण ही ओढ प्रमाणपत्र हाती पडेपर्यंतच टिकते. बाराव्या वर्षी एकदा आणि चोविसाव्या वर्षी एकदा. वर्गातल्या मुलांना रोज नवे काही अडत असते, त्याचा या दोन तारखांशी काही संबंध नसतो.

सक्तीच्या प्रशिक्षणात काय होते तेही सांगते. अशाच एका प्रशिक्षणातला प्रसंग आहे. मोठे सभागृह, खच्चून भरलेले. सकाळची सही, जेवणानंतरची सही, फोटो. समोर पडद्यावर स्लाइड, आणि तज्ज्ञ मार्गदर्शक ती शब्द न् शब्द वाचून दाखवत होते. मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे होता. त्यांनी विचारले, ‘माझ्या वर्गात तीन घरभाषांची मुलं आहेत. मराठी वाचन कुठून सुरू करू?’ उत्तर मिळाले, ‘तो मुद्दा उद्याच्या सत्रात येणार आहे.’ उद्याच्या सत्रात तो आला नाही. परवाच्याही नाही. त्या बाई शिकायलाच आल्या होत्या. प्रश्न घेऊन आल्या होत्या. अख्ख्या सभागृहात त्या दिवशी खरीखुरी शिकण्याची इच्छा कोणाच्या मनात असेल तर ती त्यांच्या, आणि नेमकी तीच मोडली गेली. संध्याकाळी परतताना त्या एवढेच म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी नुसती सही करून बसेन.’ शिक्षक पळवाटा शोधतात असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात घ्यावे. पळवाट शोधणारा शिक्षक असा तयार होतो.

ऑनलाइनचेही तेच. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू केले, कोरोनाच्या काळात ते दीक्षा ॲपवर आले, प्राथमिकच्या शिक्षकांसाठी त्यात अठरा भाग होते. त्यातले काही भाग चांगलेच होते, विशेषतः समावेशक शिक्षणाचा. पण ते पाहायचे कधी? आमच्या कितीतरी शिक्षिका बदलापूर, अंबरनाथ, कल्याणहून येतात. सकाळची लोकल, ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर गाडी बदलून ऐरोली-घणसोलीकडची गाडी, दिवसभर शाळा, पुन्हा तोच प्रवास, घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. भांडी आवरून झाली की दहा वाजता मोबाइल ओट्यावर टेकवून व्हिडिओ सुरू व्हायचा. शेवटच्या प्रश्नमंजूषेची उत्तरे तोवर व्हॉट्सॲपवर फिरत असायची, कारण वरून रोज विचारणा व्हायची की तुमच्या शाळेचे किती टक्के पूर्ण झाले. टक्के पूर्ण झाले. त्यातून वर्गात काय पोहोचले, हे विचारायला मात्र आजवर कोणी आले नाही.

आता मी स्वतःहून शिकायला गेले त्याबद्दल. सहावीला दशांश अपूर्णांक शिकवत होते. फळ्यावर ०.४५ आणि ०.८ लिहून मोठी संख्या विचारली. एक मुलगी म्हणाली, ०.४५ मोठी, कारण ४५ हे ८ पेक्षा मोठे. ही चूक सगळ्या गणित-शिक्षकांच्या ओळखीची आहे. शेजारचा मुलगा म्हणाला, ०.८ मोठी. बरोबर. पण त्याला कारण विचारले तर म्हणाला, ‘टिंबाच्या पुढे जितके कमी आकडे, तितकी संख्या मोठी.’ मी ०.३ आणि ०.६२ लिहिले. त्याने ०.३ मोठी सांगितली, आणि तीही पूर्ण विश्वासाने. म्हणजे परीक्षेत पहिला प्रश्न आला असता तर या मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते आणि त्याला काहीच कळलेले नाही हे कोणालाही कळले नसते. त्या दिवशी घरी जाताना डोक्यात तेच होते. आणखी किती मुले अशी असतील? ही समजूत त्याने कोठून आणली? शिकवून तर कोणी दिली नव्हती, ती त्याने स्वतःच बांधली होती. मग ती मोडायची कशी?

मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये सुरू केलेले हे केंद्र वाशीहून खाडीपूल ओलांडला की पहिल्याच स्टेशनला आहे, पण आपल्याकडच्या शेकडो शिक्षकांना ते माहीतही नाही. तिथे शिक्षकांसाठी होणाऱ्या गणिताच्या कार्यशाळेला मी शनिवारची अर्धी रजा टाकून गेले. तिथे आमच्यापुढे स्लाइड आल्या नाहीत, मुलांच्या वह्यांची पाने आली. ‘या मुलाने असे का लिहिले असेल?’ एवढाच प्रश्न. चार जणांच्या गटात आम्ही तासभर एका पानावर भांडलो. आणि त्या पानांत माझ्या वर्गातला तो मुलगा भेटला! ज्या समजुतीने मला झोप नव्हती, ती जगभरच्या मुलांत आढळते, तिच्यावर अभ्यास झालेला आहे, आणि ‘जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या’ व ‘कमी आकडे म्हणजे मोठी संख्या’ या दोन वेगळ्या समजुतींवर उपायही वेगळे करावे लागतात, हे मला तिथे कळले.

परत आल्यावर एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या किराणा दुकानातून बिलाच्या कागदाचा रोल आणला. बरोबर एक मीटरच्या पट्ट्या कापल्या. मुलांनी शाळेच्या व्हरांड्यात बसून पट्टीचे दहा भाग केले, मग प्रत्येक भागाचे पुन्हा दहा. ०.८ मीटरवर लाल खूण, ०.४५ मीटरवर निळी. तो मुलगा बराच वेळ दोन्ही खुणांकडे पाहत गुडघ्यावर बसला होता. मग बोट ठेवून एकेक बारीक भाग मोजायला लागला. ऐंशीला पोहोचल्यावर वर पाहून म्हणाला, ‘बाई, हा आठ म्हणजे ऐंशी आहे ना?’ त्यानंतर मी अपूर्णांकांवर हाताला लागेल ते वाचले. इंग्रजी अडले तिथे माझ्या मुलीला विचारले, सुट्टीत पुन्हा कार्यशाळा केली. यातल्या कशालाच सेवापुस्तकात नोंद नाही. मला ती नकोही होती. मला पुढचा मुलगा ओळखता यायला हवा होता.

शिक्षकाला शिकायला उठवते ते हेच, असे माझे ठाम मत आहे. आधी वर्गातले एखादे मूल अडते आणि शिक्षकाला त्याचा उलगडा होत नाही. मग कुठून तरी वाट सापडते, आणि त्या वाटेने ते मूल पुढे सरकलेले डोळ्यांनी दिसते. या शेवटच्या पायरीला फार महत्त्व आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी १९८६ मध्येच हे मांडले होते. प्रशिक्षणाने आधी शिक्षकाचे मन बदलेल, मग त्याचे शिकवणे आणि मग मुलांचे शिकणे, असा क्रम आपण धरून चालतो. गस्की यांचे म्हणणे असे की शिक्षक आधी काही करून पाहतो, मुलांत फरक दिसतो आणि मग त्याचा त्या पद्धतीवर विश्वास बसतो. हे खरे असेल, आणि माझा अनुभव तसाच आहे, तर सभागृहातल्या भाषणांनी शिक्षकांना ‘प्रेरित’ करण्याचा सगळा खटाटोप उलट्या बाजूने चालला आहे. प्रेरणा वर्गात जन्मते. प्रशिक्षणाने तिला हात द्यायचा असतो.

आमच्या ओळखीच्या एक बाई तुर्भ्याकडच्या एका शाळेत पहिलीला शिकवतात. दगडखाणींवर आणि बांधकामांवर काम करणाऱ्या कुटुंबांची मुले त्यांच्या वर्गात येतात, त्यांत बंजारा घरांतली पुष्कळ. पहिले महिनाभर ही मुले तोंडच उघडत नव्हती. बाईंनी एक दोनशेपानी वही केली. मुलांना सोडायला येणाऱ्या आयांना गाठून त्या एकेक शब्द लिहून घेऊ लागल्या. आई म्हणजे याडी, मग नाती, भांडी, जनावरे, रोजच्या आज्ञा. काही आया संध्याकाळी काम संपवून मुद्दाम थांबू लागल्या. उच्चार चुकला की बाईंना पुन्हा म्हणायला लावत. आता वही भरत आली आहे. वर्गात पहिली गोष्ट मुलांच्या बोलीत, दुसऱ्यांदा अर्धी-अर्धी, तिसऱ्यांदा मराठीत. मी त्या वर्गात बसून आले आहे. मुले बाईंना मध्येच थांबवून शब्द सांगतात. निवृत्तीला आलेल्या शिक्षिकेने नवी भाषा शिकायला घेतली, यापेक्षा मोठे सेवांतर्गत शिक्षण कोणते? पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने दरवर्षी प्रत्येक शिक्षकाला ५० तासांचे व्यावसायिक शिक्षण सांगितले आहे, त्या तासांत ही वही कुठे भरायची हे बाईंना कोणी सांगू शकले नाही. मोबाइलवर चालू ठेवलेला व्हिडिओ मात्र तासांत धरला जातो.

तास मोजायला माझा विरोध नाही. धोरणातही शिक्षकांनी आपल्या आवडीनुसार आणि गरजेनुसार शिकावे असेच म्हटले आहे. सीबीएसई शाळांतल्या शिक्षकांनाही ५० तास आहेत. त्यातले २५ शाळेच्या आत किंवा शाळांच्या गटात करता येतात, ही सोय मला चांगली वाटते. आमच्याकडे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असते, तिचा तसा उपयोग सहज होईल. आज त्या परिषदेत बराच वेळ परिपत्रके, यू-डायस ही शाळांची ऑनलाइन माहिती, आधार जुळणी, राहिलेल्या माहित्या यांत जातो. ती सगळी माहिती एका संदेशाने कळवता येते. दोन-अडीच तास वीस-पंचवीस शिक्षक एका खोलीत बसतात, हे केवढे भांडवल आहे!

टीईटीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. निकालानुसार ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आहे त्यांना दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल, नाहीतर नोकरी जाईल. पाचपेक्षा कमी वर्षे उरलेल्यांना नोकरीपुरती सूट आहे, बढती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागेल. दीडशे गुण, खुल्या गटासाठी उत्तीर्ण व्हायला नव्वद. मीही अभ्यासाला बसले आहे. पन्नाशीतल्या माणसाची, ज्याने पिढ्या शिकवल्या त्याची नोकरी एका बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेवर लावणे मला अन्यायाचे वाटते, आणि भीतीने कोणी चांगला शिक्षक होत नाही. भीतीने माणूस गाइड पाठ करतो.

पण त्याच अभ्यासात एक वेगळी गोष्ट घडली, तीही सांगायला हवी. मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये प्रश्नसंच सोडवणे चाललेले असते. एकदा पियाजे या बालमानसशास्त्रज्ञावरचा प्रश्न आला. साधारण सात वर्षांखालच्या मुलाला, भांडे बदलले तरी पाणी तेवढेच राहते हे समजत नाही, यावरचा. सगळ्यांनी उत्तर बरोबर दिले. मराठीचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, ‘हे खरंच असं होतं का, कोणी पाहिलंय?’ कोणीच पाहिले नव्हते. प्राथमिक विभागातून पहिलीच्या एका मुलीला बोलावले. स्टीलचे दोन सारखे पेले, दोन्हींत सारखे पाणी. तिने डोळे बारीक करून पाहिले आणि सारखे असल्याचे सांगितले. मग तिच्यासमोर एका पेल्यातले पाणी उंच, निमुळत्या बाटलीत ओतले. ‘आता कशात जास्त?’ तिने क्षणभरही न थांबता बाटली दाखवली. सरांनी पाणी परत पेल्यात ओतले, ती म्हणाली सारखे. पुन्हा बाटलीत, ती म्हणाली बाटलीत जास्त. सर तिच्याकडे बघतच राहिले. कित्येक वर्षे मुलांत काढलेला माणूस, पण असे काही तो पहिल्यांदा पाहत होता. त्या सुट्टीनंतर तासाची घंटा झाली तरी कोणी उठेना. दुसऱ्या दिवशी आमच्या तरुण शिक्षणसेवक सहकाऱ्याने तोच प्रयोग खडे मांडून दुसरीच्या मुलांवर केला आणि त्याची टिपणे घेऊन आला. पुस्तक भीतीने उघडले होते, त्यात जीव आला तो त्या मुलीमुळे.

अशी ओढ एका शाळेपुरती नसते, हेही आपण पाहिलेले आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या एका गटाच्या, शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. माझ्या ओळखीचे काही जण आपापसांत पैसे काढून, गाडी ठरवून गेले होते. तिथे त्यांना भाषण ऐकायचे नव्हते. जमिनीवर आखलेल्या चौकटींत बसून खडे, काड्या, गठ्ठे घेऊन आपापले शिकणारी पहिली-दुसरीची मुले पाहायची होती. पाहून आले ते पेटून आले. पुढे कित्येक ठिकाणी नुसत्या फरश्या रंगवून घेतल्या गेल्या आणि फोटो पाठवले गेले, तेव्हा तो उत्साह ओसरला. फरश्या आदेशाने रंगवता येतात. मुले कशी शिकतात हे बघायला जाण्याची ओढ मात्र सहकाऱ्याच्या वर्गातल्या मुलांमुळे लागते.

आपल्या भागाला तर याची परंपराच आहे. पालघर वेगळा होण्याआधी, म्हणजे २०१४ पर्यंत, कोसबाड आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे, ती गुरे राखतात त्या कुरणात न्यायची, हे त्यांना कोणत्या प्रशिक्षणात सांगितले नव्हते. अनुताई नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या. पुढे कामाच्या धबडग्यात त्यांनी पदवीही घेतली. आजही वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याहून क्वेस्ट ही संस्था शिक्षकांबरोबर वर्गात उतरून काम करते. तिच्या लोकांकडून शिकलेले शिक्षक मी पाहिले आहेत, त्यांना ‘प्रशिक्षण कसे झाले’ विचारले तर ते मुलांच्या गोष्टी सांगतात.

माझे मागणे फार खर्चाचे नाही. शिक्षण परिषदेचा निम्मा वेळ तरी शिक्षकांनी वर्गातून आणलेल्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. मुलांच्या वह्या घेऊन या असे सांगावे, परिपत्रके संदेशाने पाठवावीत. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात आणि मग एकत्र बसून बोलतात. ‘जुग्यो केंक्यू’ म्हणून ही पद्धत ओळखली जाते. आम्ही तिघी जणी ऑफ तासाला एकमेकींच्या वर्गात मागे बसतो. माझ्या वर्गात खिडकीकडची रांग फळ्यावर उत्तर उमटेपर्यंत पेन उचलत नाही, हे मला फळ्यापाशी उभी राहून दिसणे शक्यच नव्हते, ते मैत्रिणीने पाहिले. असे तास वर्षाच्या ५० तासांत धरावेत. मुख्याध्यापकांची सही त्याला पुरे.

तज्ज्ञ मार्गदर्शकांनी प्रशिक्षणात एक तरी पाठ प्रत्यक्ष मुलांवर घेऊन दाखवावा. जमला नाही तरी चालेल. न जमलेल्या पाठावरची चर्चा आम्हाला जास्त शिकवेल. आणि प्रशिक्षण संपल्यावर महिन्याभराने त्याच गटाने पुन्हा एकदा भेटावे, काय करून पाहिले आणि मुलांचे काय झाले एवढेच बोलायला. ही दुसरी भेट नसते म्हणून पहिली वाया जाते. रहाटोलीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने, म्हणजे आमच्या डायटने, दोन-चार केंद्रांत जरी हे एक वर्ष करून पाहिले तरी फरक कळेल.

वेळेचे मात्र वरच्यांनी मनावर घ्यायला हवे. रात्री नऊला संदेश येतो, ‘उद्या सकाळी दहा वाजता उपस्थित राहावे.’ ज्या बाईला सकाळी सहाची गाडी धरायची असते, घरी तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू असते, तिने काय करायचे? दिवाळीच्या सुट्टीत प्रशिक्षण लावले की मनात पहिली भावना रागाची असते. वर्षाचे वेळापत्रक जूनमध्येच द्यावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामे शिक्षकांवर ठेवली आहेत, ती आम्ही करतोच आणि येत्या जनगणनेचेही करू. पण त्यापलीकडच्या माहित्या भरण्यात आठवड्याला जेवढा वेळ जातो, त्यातला एक तास वाचायला मिळाला तरी शिक्षक वाचतील. आणि ठाणे व नवी मुंबई महापालिकांनी आपल्या शिक्षकांना, तसेच शिक्षण विभागाने आम्हा अनुदानित शाळांतल्या शिक्षकांना मानखुर्दच्या केंद्रासारख्या ठिकाणी कामावर हजर धरून जाऊ द्यावे. स्वतःची रजा टाकून शिकायला जाणारे शिक्षक आजही आहेत. त्यांची रजा वाचली तर त्यांच्याबरोबर आणखी दोघे निघतील.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. शाळांच्या बातम्या निकालाच्या, प्रवेशाच्या आणि आंदोलनाच्या येतात. आठवड्यातून एकदा थोडी जागा शिक्षकांच्या वर्गातल्या अडलेल्या प्रश्नांना द्यावी. एकाने प्रश्न लिहावा, दुसऱ्याने आपण काय करून पाहिले ते कळवावे. पहिला प्रश्न मी पाठवते: पाचवीची मुले भागाकारात मधला शून्य गाळतात, ६१२ भागिले ६ चे उत्तर १२ लिहितात. संख्या मांडायला मणी, नोटा, गठ्ठे देऊन झाले आहेत. वस्तू हातात असताना उत्तर १०२ येते आणि वहीत पुन्हा १२. ज्या शिक्षकांना यावर वाट सापडली असेल त्यांनी जरूर लिहावे.

आपली,
एक गणित शिक्षिका,
ऐरोली, नवी मुंबई